बालहट्ट : गप्प मूल आणि शांत मूल

राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट असे तीन हट्ट आपल्याकडील जुन्या मंडळींनी सांगून ठेवले आहेत. त्यांपैकी राजहट्ट संस्थाने विलीन झाली तेव्हाच संपला. स्त्रीहट्ट हा शब्द पुरुषांनी आपल्या सोयीसाठी बनविला. त्यात तथ्य किती व सोय किती हे आता सर्वांना कळून चुकले आहे. उरला तो बालहट्ट. तो मात्र लोकशाहीतही अबाधित आहे. श्रीमंत-गरीब, हिंदू-मुसलमान, शिकलेला-न शिकलेला असा भेद तो करीत नाही, आणि त्याच्यापुढे भले भले हात टेकतात.

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर राष्ट्र, साहित्य, अर्थकारण अशा मोठ्या विषयांची सवय असलेल्या श्रोत्यांना अडीच वर्षांच्या मुलाचे रडणे हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या आया व्याख्यानांना येऊ शकत नाहीत त्यांतल्या कित्येक ह्याच रडण्यापायी घरी अडकलेल्या असतात, एवढे ध्यानात घेतले तरी विषयाचे वजन कळेल. शिवाय राग आला असता माणसाने काय करावे, ह्याचा पहिला धडा ज्या वयात मिळतो ते वय हेच होय.

प्रथम हट्ट म्हणजे काय ते पाहू. तीनबत्तीच्या बाजारात आईचे बोट धरून चाललेले मूल फुग्यासाठी थांबते. आई नाही म्हणते. मूल हिसडा देते, रस्त्यावर बसकण मारते, मग आडवे होऊन हातपाय आपटते व भोकाड पसरते. येणारेजाणारे पाहतात. कोणी म्हणतो, "घेऊन द्या हो, एवढंसं पोर!" दुसरा म्हणतो, "एक ठेवून द्या, म्हणजे सुधारेल." आईला मुलाच्या रडण्यापेक्षा ह्या लोकांची लाज अधिक वाटते. त्या लाजेपायी ती फुगा तरी घेते किंवा धपाटा तरी घालते. दोन्ही वाटांनी मूल काही वेळाने गप्प होते. परंतु गप्प झालेले मूल आणि शांत झालेले मूल ह्यांत अंतर आहे. गप्प आपण करतो; शांत व्हायला मुलाला स्वतः शिकावे लागते. ह्या लेखात आम्हांला जे सांगावयाचे आहे ते एवढेच.

हे आकांडतांडव साधारणतः दीड वर्षापासून चार वर्षांपर्यंत का होते? मूल चालू लागले की त्याला 'मी' सापडतो. 'माझे', 'नको', 'मीच करणार' हे शब्द त्याच्या तोंडी येतात. इच्छा जोरदार असते. परंतु ती सांगायला भाषा अपुरी असते. दोन वर्षांचे मूल 'पाणी दे', 'बाबा गेला' अशी दोन शब्दांची वाक्ये करते. 'मला हा पेला नको, कालचा हवा, कारण त्यातून मला स्वतः पिता येते,' हे ते कसे सांगणार? तिसरी गोष्ट लगामाची. उसळलेली भावना आवरणे, थांबणे, वाट पाहणे ही कामे मेंदूच्या कपाळामागील भागाकडे असतात, आणि त्या भागाची वाढ पंचविशीच्या आसपास पुरी होते. दोन वर्षांच्या मुलाकडे तो लगाम जवळजवळ नसतोच.

भिवंडीकरांना हे यंत्रमागाच्या उदाहरणाने चटकन पटेल. मोटार सुरू झाली की माग धडधडू लागतो. परंतु ताण्याचा धागा तुटताच आपोआप थांबण्याची सोय साध्या मागात नसते. तेथे उभ्या असलेल्या कारागिराला लक्ष ठेवावे लागते आणि वेळेवर हात घालून माग थांबवावा लागतो. धागा तुटला म्हणून कोणी शहाणा कारागीर मागाला लाथ मारीत नाही. मुलाची मोटार जन्माबरोबर आली आहे. थांबविण्याची कळ मात्र अजून बसायची आहे. ती बसेपर्यंत ते काम शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचे.

ह्या विषयाचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतील फ्लॉरेन्स गुडइनफ ह्या विदुषीने लहान मुलांच्या रागावर १९३१ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तिने आयांनाच रोजनिशी ठेवावयास सांगितले होते : मूल केव्हा चिडले, कशावरून चिडले, किती वेळ, आणि तुम्ही काय केलेत? ह्या नोंदींवरून दिसले की रागाचा भर दुसऱ्या वर्षी सर्वांत अधिक असतो, तो जेवणाच्या वेळेच्या थोडा आधी वाढतो, आणि दुखण्याखुपण्याच्या दिवसांतही वाढतो. म्हणजे ज्याला आपण स्वभावाचा दोष म्हणतो तो पुष्कळदा पोटाचा किंवा झोपेचा प्रश्न असतो. पुढे २००३ साली तेथीलच मायकेल पोटेगल व रिचर्ड डेव्हिडसन ह्यांनी दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या आईबापांकडून अशीच माहिती मिळविली. दर चार थयथयाटांपैकी तीन पाच मिनिटांच्या आत संपतात असे त्यांना आढळले. त्यांनी दाखविलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. थयथयाटात राग आणि दुःख अशा दोन भावना असतात. राग आरंभी झपाट्याने चढतो आणि ओसरतो. दुःख मात्र अखेरपर्यंत राहते. किंचाळणे, लाथा झाडणे हा राग. मुसमुसणे आणि आईला बिलगू पाहणे हे दुःख. रागाच्या भरात उपदेश केला तर तो तेलासारखा पडतो. राग ओसरल्यावर जवळ घेतले तर मूल येते.

आता आपल्या गावाकडे पाहू. अनेक घरांत बाप कारखान्यात बारा तासांची पाळी करतो. रात्रपाळी असली की तो दिवसा झोपतो, आणि एकाच खोलीत असलेल्या मुलाला दिवसभर 'हळू, बाबा निजलेत' हे ऐकावे लागते. दोन वर्षांच्या मुलाने दिवसभर हळू राहणे म्हणजे मागाने आवाज न करता चालणे! बाहेर गल्लीत ट्रकांची आणि टेम्पोंची वर्दळ. खेळायला मोकळे अंगण नाही. संध्याकाळी आईला पाणी भरायचे असते, स्वयंपाक करायचा असतो, आणि मूल त्याच वेळी थकलेले व भुकेलेले असते. अशा घरात संध्याकाळी सहाच्या सुमारास रोज रडारड होत असेल तर ते मूल हट्टी आहे असे म्हणण्यापूर्वी घड्याळ पाहावे. साडेपाचला अर्धी पोळी किंवा एक केळे दिले तर कित्येक हट्ट उगवण्यापूर्वीच मावळतात.

मुलाला गप्प करण्याची गरज ही कष्टकऱ्यांच्या वस्तीत नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या अनेक बाया पाळीवर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलाला अफूची गोळी देत. तिला 'बाळागोळी' म्हणत. १९२० नंतरच्या दशकात ह्या चालीची चर्चा सरकारदरबारीही झाली. त्या आया निर्दय नव्हत्या. घरी पाहणारे कोणी नाही, गिरणीत पाळणाघर नाही, आणि खाडा केला तर मजुरी नाही; मूल निजून राहिले तरच चूल पेटणार. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने अधिक स्त्रिया कामाला असतील अशा कारखान्यांवर पाळणाघराची सक्ती केली. परंतु घराला लागून चार-आठ माग चालविणाऱ्या वस्तीपर्यंत ती सोय पोचणार कशी?

बाळागोळी गेली, गप्प करण्याची गरज राहिली. आज ते काम मोबाइल करतो. मूल किंचाळले की हातात मोबाइल येतो, आणि क्षणात घर शांत होते. मोबाइल म्हणजे अफू नव्हे, आणि दोहोंचा अपाय सारखा मानणे हे अतिशयोक्तीचे होईल. तथापि एका बाबतीत दोन्ही सारखी आहेत. मूल गप्प झाले, परंतु राग कसा उतरतो हे त्याला कळले नाही. उतरण्यापूर्वीच तो झाकला गेला. उलट, किंचाळले की मोबाइल मिळतो, हे मात्र पक्के कळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की एक वर्षाखालील मुलाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच असा सल्ला दिला आहे. एकट्या पडलेल्या आईने भाकऱ्या होईपर्यंत मुलाला दहा मिनिटे गाणे लावून दिले, तर तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु रडण्याचे बक्षीस म्हणून मोबाइल देणे टाळावे, एवढे तरी करता येण्यासारखे आहे.

दुसरा उपाय धाकाचा. 'पोलीस नेईल', 'बागुलबुवा येईल', 'डॉक्टरकडून सुई टोचवीन' ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. ह्या धाकाने मूल गप्प होते, पण मग तेच मूल लस टोचायला नेले की दवाखान्याच्या दारातच आक्रोश करते, आणि हरवले तर पोलिसाला पाहून लपते. तिसरा उपाय माराचा. मार खाल्लेले मूल शिकते ते एवढेच, की राग आला आणि आपण मोठे असलो, तर हात उगारावा. शाळेत मुलाला मारणे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने निषिद्ध ठरविले आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला गुरुजींनी मारू नये असे ज्यांना पटते, त्यांनी घरातल्या दोन वर्षांच्या मुलावर हात टाकताना क्षणभर थांबावयास हवे.

मग मागेल ते द्यावे काय? मुळीच नाही. सी. डी. विल्यम्स ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध केलेली हकीकत येथे उपयोगी पडेल. सुमारे एकवीस महिन्यांचे एक मूल दीर्घ आजारातून बरे झाले होते. आजारात सारे घर त्याच्या उशाशी बसे. ते बरे झाल्यावरही निजविणारा माणूस खोलीबाहेर जाऊ लागला की ते आकांत करी. ते पूर्ण निरोगी आहे अशी खात्री झाल्यावर घरच्यांनी ठरविले की प्रेमाने निजवावे, निरोप घ्यावा, आणि मग रडले तरी परत आत जाऊ नये. पहिल्या रात्री ते पंचेचाळीस मिनिटे रडले. दहाव्या खेपेपर्यंत ते रडण्याऐवजी हसू लागले. पण आठवडाभराने एके रात्री मावशीच्या, आत्याच्या नात्याची एक बाई त्याला निजवीत होती. ते रडू लागताच तिचे मन द्रवले आणि ती परत आत गेली. झाले! सर्व मुळापासून पुन्हा करावे लागले. दुसऱ्यांदाही ते रडणे थांबले, आणि पुढे त्या मुलावर त्याचा काही वाईट परिणाम दिसला नाही.

ही हकीकत परदेशची असली तरी ती आपल्या एकत्र कुटुंबातली वाटते. आई नाही म्हणते आणि आजी म्हणते, "अगं सूनबाई, देऊन टाक गं, लेकरू किती रडतंय!" बाप रविवारी देतो, सोमवारी रागावतो. कधी मिळते, कधी मिळत नाही, अशा वेळी मूल अधिक चिकाटीने रडते. कारण आज कदाचित मिळेल अशी आशा असते. म्हणून कडक नियमांपेक्षा एकसारखे नियम महत्त्वाचे. नियम थोडे असावेत : दुसऱ्याला मारायचे नाही, चुलीशी व विजेशी खेळायचे नाही, रस्त्यात हात सोडायचा नाही. अशा चारपाच गोष्टींत आजीपासून काकापर्यंत सर्वांचा 'नाही' एकच असावा. बाकीच्या बाबतीत मुलाचे चालू द्यावे. लाल सदरा की निळा, आधी आंघोळ की आधी दूध, हे त्याला ठरवू दिले म्हणजे त्याचा 'मी' सुखावतो आणि मोठ्या गोष्टींत तो कमी अडतो.

प्रत्यक्ष थयथयाट चालू असता करावयाचे काम थोडे आहे, पण ते कठीण आहे. मूल जेथे आहे तेथे त्याला इजा होणार नाही एवढे पाहावे. रस्त्यात असेल तर न बोलता उचलून कडेला न्यावे. डोळ्यांआड करू नये, अंधाऱ्या खोलीत तर कधीच कोंडू नये. शेजारी बसावे, आवाज खाली ठेवावा, आणि एकच लहान वाक्य बोलावे : "तुला फुगा हवा होता. आज घ्यायचा नाही." पहिले वाक्य त्याची भावना ओळखते, दुसरे मर्यादा सांगते. दोन्ही हवीत. राग ओसरून नुसते हुंदके राहिले की जवळ घ्यावे, तोंड धुवावे, पाणी द्यावे आणि विषय संपवावा. रात्री बाबांपुढे त्याची पुन्हा सुनावणी करू नये.

आपल्याकडे रामाच्या बालहट्टाची गोष्ट आहे. रामाने चंद्र मागितला. चंद्र देणे कोणाच्याच हाती नव्हते. पण रामाला कोणी मारले नाही, आणि 'चंद्र वगैरे काही नाही' असेही सांगितले नाही. त्याच्यापुढे आरसा धरला आणि त्यात चंद्र दाखविला. ज्यांनी ही गोष्ट सांगितली त्यांना मूल कळले होते. मागणी पुरविता येत नसली तरी तिचा मान ठेवता येतो.

काही हट्ट आपल्याला वेडगळ वाटतात, पण त्यांत मुलाचे शास्त्र असते. पोळीचे तुकडे केले म्हणून मूल रडते. रोजच्या जागी चप्पल नाही म्हणून अडून बसते. मारिया माँटेसरी ह्यांनी दाखविले आहे की ह्या वयात मुलाला व्यवस्थेची विलक्षण ओढ असते. वस्तू जागच्या जागी आणि गोष्टी ठरल्या क्रमाने झाल्या म्हणजे त्याला जग भरवशाचे वाटते. तेव्हा घरात आंघोळ, जेवण, झोप ह्यांचा क्रम सांभाळावा, आणि क्रम मोडणार असेल तर आधी सांगावे. "आणखी दोनदा घसरगुंडी, मग घरी," एवढी पूर्वसूचनाही पुष्कळ असते.

हे सारे पैसेवाल्यांचे चोचले आहेत असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच मुलखात मिळाले आहे. ताराबाई मोडक ह्यांनी गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले, आणि १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आल्या. पुढे १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अनुताई वाघ ह्यांनी ते अखेरपर्यंत चालविले. महागड्या साधनांऐवजी तेथे शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. 'अंगणवाडी' ती हीच. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या सरकारी योजनेने ती देशभर नेली. मुलाला मार किंवा बक्षीस लागत नाही, त्याला हाताला काम लागते, हा ह्या मंडळींचा अनुभव. आपल्या खोलीतही ते देता येते. डाळीतले मोठे खडे वेचणे, कणकेचा गोळा मळणे, भांड्यांची झाकणे जुळविणे, घड्या घालणे, अशा कामांत दोन-तीन वर्षांचे मूल रमते. मात्र खडे तोंडात जात नाहीत ना, इकडे लक्ष हवे.

काही वेळा मात्र घरचे शहाणपण पुरे पडत नाही. रडता रडता मुलाचा श्वास अडतो, ओठ निळे पडतात, क्वचित शुद्ध हरपते. आईबाप भेदरतात आणि तेव्हापासून मूल म्हणेल ते करतात. हे श्वास कोंडणे बहुधा निरुपद्रवी असते व वय वाढेल तसे जाते. अशा वेळी मुलाला कुशीवर निजवावे; हलवू नये, तोंडावर पाण्याचे सपके मारू नयेत. परंतु पहिल्या वेळेनंतर डॉक्टरांना दाखवावेच. कारण रक्तातील लोहाच्या कमतरतेशी त्याचा संबंध आढळतो, आणि औषधाने फरक पडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील दर तीन मुलांपैकी सुमारे दोघांत रक्त कमी असल्याचे दिसले आहे. तसेच मूल वारंवार स्वतःला इजा करून घेत असेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जुळवीत नसेल, हाकेला ओ देत नसेल, किंवा पाच वर्षांनंतरही थयथयाट रोजचाच असेल, तर तो हट्ट नव्हे असे समजून तपासणी करावी. कान तपासल्यावर कित्येक 'हट्टी' मुलांचा उलगडा होतो.

शेवटी एक गोष्ट. ध्रुवाच्या हट्टाची कथा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. बापाच्या मांडीवरून उठविले म्हणून तो बालक अढळपद मिळेपर्यंत हटला नाही. त्या चिकाटीला आपण नमस्कार करतो, आणि घरातल्या ध्रुवाची तीच चिकाटी 'मोडून काढली पाहिजे' म्हणतो. चिकाटी मोडायची नाही. तिला वळण लावायचे आहे. हे वळण एकट्या आईने लावावयाचे नसून, पाळीवरून आलेल्या बापाने, आजीने, आत्याने मिळून लावावयाचे आहे. त्यासाठी खर्च काहीच नाही. आज रात्री मूल निजल्यावर घरातल्या मोठ्यांनी दहा मिनिटे एकत्र बसावे आणि आपल्या घरातले चार 'नाही' कोणते ते ठरवावे. उद्या मूल त्या चारांपैकी एकावर अडून बसेल, हे नक्की. तेव्हा सर्वांनी एकच उत्तर द्यावे, तेही न ओरडता.